तीनदा उघडलेले हेड

गाडीच्या इंजिनाचे हेड गळू लागले, तर तुम्ही दोष कोणाला देता? गाडीला, मिस्त्रीला की ड्रायव्हरला?

उत्तर घाईने देऊ नका. मी ते घाईने दिले होते, तेही लेखी, खाली सही करून. त्या कागदापायी अर्जुन नावाच्या एका चांगल्या ड्रायव्हरची नोकरी गेली. ती कशी गेली आणि माझे कुठे चुकले, हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे. बाकीच्या गोष्टी वाटेत येतील त्या येतील.

अशा लेखांचा लेखक बहुधा निवृत्त असतो, केस पिकलेले असतात, आणि ज्यांच्याशी जन्मभर भांडला त्यांना त्याने माफ करून टाकलेले असते. मी नुकती तिशी ओलांडली आहे. नखांतले ग्रीस अजून निघत नाही. माफ मी कोणालाच केलेले नाही, स्वतःला तर नाहीच.

तळेऱ्याच्या तिठ्यावर बाबल मिस्त्रींचे गॅरेज होते. हमरस्त्यापासून देवगड-विजयदुर्गाकडे रस्ता फुटतो, त्याच्या तोंडाशी. गॅरेज म्हणजे चार वासे, वर माडाची झापे, पुढच्या अंगाला पत्रा, आणि मागे दगडी काठाची विहीर. बाबल मिस्त्री तरुणपणी आगबोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होते. तिथे जे बघितले त्यावर त्यांनी पुढे मोटारी दुरुस्त केल्या. पुस्तक त्यांनी कधी उघडले नाही. माझे उलटे होते. माझा मोठा चुलतभाऊ मुंबईला गिरणीत होता. गणपतीला गावी येताना तो ट्रंकेतून पत्रके आणायचा. शाळेची पुस्तके मी चार वाचली असतील, पत्रके शेकड्यांनी. ‘उठा’, ‘जागे व्हा’, ‘यंत्रयुग आले आहे, जुन्या शृंखला गळून पडणार आहेत’. ती मी गॅरेजात मोठ्याने वाचायचो. बाबल मिस्त्री ऐकत पाना चालवायचे आणि शेवटी म्हणायचे, “बरा लिवलेला आसा. आता तो तेराचो पानो दी.”

ज्यांनी इंजिन आतून बघितलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिन हा एक जाड टोप समजा. त्यात आग पेटते. हेड हे त्या टोपावरचे झाकण. आतली वाफ बाहेर फुटू नये म्हणून बायका झाकणाच्या कडेला कणीक लावतात ना, तशी टोप आणि झाकण यांच्यामध्ये आम्ही गॅस्केट घालतो. तांब्याचे दोन पत्रे आणि मध्ये न जळणारा कागद. आता या टोपाच्या आणि झाकणाच्या जाडीतून पाणी खेळत असते, इंजिन थंड राहावे म्हणून. म्हणजे एका बाजूला आग, एका बाजूला पाणी, आणि मध्ये कागदाएवढी आड. ती आड खचली की पाणी आगीत शिरते, आग पाण्यात शिरते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, मागून पांढरा धूर निघतो, आणि तेलाची काठी उपसून बघावी तर तेल दुधाच्या चहासारखे झालेले. असे दिसले की हेड उघडण्यावाचून इलाज नाही.

उघडणे सोपे, बसवणे कठीण. हेडाचे नट कडेपासून आवळीत गेलात तर मध्ये फुगवटा राहतो. मधल्या नटापासून सुरुवात करायची, आणि तिथून बाहेर बाहेर जायचे. एकदा हलके, मग अर्धे, मग पुरे. इंजिन तापवून पुन्हा एकदा. गॅस्केटला दोन्ही बाजूंनी बाबल मिस्त्री चंद्रुसाची राळ आणि तेल कढवून लावायचे. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांना सुतार लावतात तेच. कंपनीच्या डबीतला लेप त्यांना पटत नसे. “होडयेक चलता तां गाडयेक चलाक नको?” असे विचारायचे, आणि चालायचेही.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. कणकवलीकडचा एक लॉरीवाला गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये नाचणीचे पीठ घालून आला. कोणीतरी त्याला सांगितले होते की पीठ फुगून भोक बुजवते. बुजवते, खरे आहे. पण त्याने घातले दोन पायल्या. आम्ही खालची तोटी सोडली तर गरम आंबील बाहेर आली. बाबल मिस्त्री म्हणाले, “मीठ घातलेला नाय वाटता.” लॉरीवाला रडकुंडीला आला होता, पण तोही हसला. दुसरे एक देवगडचे कंपाउंडर. हेड उघडण्याआधी गाडीपुढे नारळ फोडल्याशिवाय ते पाना लावू देत नसत, आणि नारळातले पाणी रेडिएटरमध्ये ओतायला लावीत. मी त्यांच्याशी तासभर वाद घातला होता. आज वाटते, नारळाचे पाणी निदान गोडे तरी होते.

आता अर्जुनाकडे येतो.

अर्जुन लढाईत लष्करी ट्रक चालवून परत आलेला. चाळिशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, खाकी सदरा धुऊन धुऊन पांढरा पडलेला पण बटणे सगळी जागच्या जागी. देवगडच्या आबाशेटांची गाडी तो चालवायचा. आबाशेट आंब्याचे व्यापारी. गाडी लढाईआधीची, उंच मडगार्डांची, चार सिलिंडरची, आणि तिचे हेड ॲल्युमिनियमचे. खालचा ठोकळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि वर ॲल्युमिनियम. हलके असते, लवकर थंड होते, दिसायला चांदीसारखे. पण नाजूक. तळेऱ्याला एसटीतून उतरलेली माणसे घेऊन अर्जुन देवगडला जायचा, आणि सोमवारी, शिवरात्रीला कुणकेश्वराच्या भाविकांना खाडीवरच्या तरीपर्यंत, म्हणजे होडीच्या धक्क्यापर्यंत न्यायचा. गाडी अलीकडे थांबायची, माणसे होडीने पलीकडे जायची आणि दर्शन घेऊन परत यायची.

अर्जुन महारवाड्यातला होता. धर्म बदलल्यावर त्या लोकांनी वाडीचे नाव बदलले. गावाने बदलले नाही. पण गाडीत त्याला कोणी काही म्हणत नसे. भटजीसुद्धा त्याच्या शेजारच्या सीटवर बसून देवगडला जायचे, कारण दुसरी गाडी नव्हती. ते बघून माझी छाती फुगायची. पत्रकात छापल्याप्रमाणे माझ्या डोळ्यांदेखत घडत होते: यंत्राने जात मोडली होती. मी बाबल मिस्त्रींना तसे म्हणालोही. ते कार्बोरेटर फुंकत राहिले.

पहिल्यांदा हेड गळले तेव्हा गाडी जुनी आहे म्हणून कोणाला काही वाटले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळले होते. नवे घातले, नट आवळले. मी विहिरीतून पाणी शेंदून आणले, अर्जुनाने रेडिएटरवर चाडे, म्हणजे नरसाळे, धरले, मी ओतले. तो कान देऊन इंजिन ऐकत राहिला. “बरा झाला, मिस्त्री,” म्हणाला. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा. मला मिस्त्री म्हणणारा तो पहिला माणूस. मी त्याला अर्जुनदादा म्हणायचो.

पाच महिन्यांनी गाडी परत आली. पुन्हा बुडबुडे. हेड उलटे करून बघतो तो पाण्याच्या भोकांच्या कडेने खड्डे पडलेले, कीड लागलेल्या लाकडासारखे. सपाट काचेवर एमरीची पेस्ट टाकून त्यावर मी ते हेड दोन दिवस घासले. आठाच्या आकड्यासारखे फिरवायचे, दाब कमीजास्त होऊ द्यायचा नाही. खांदे भरून येतात. निळीचा हात देऊन बघायचे, नीळ सगळीकडे सारखी उमटली की समजायचे जमले. जमले. मी अर्जुनाला म्हटले, “गाडी तापूक देव नको. आणि पाणी सोच्छ घाल.” त्याने मान हलवली.

आणि आंब्याच्या ऐन हंगामात, तिसऱ्यांदा. या वेळी गाडी बैलांनी ओढून आणली. हेड उघडले तर एका भोकाची कड पार खाऊन सिलिंडरपर्यंत वाट झालेली. आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये पांढरा थर बसलेला. मी नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

अर्जुन समोर उभा होता.

“अर्जुनदादा, ह्यां मीठ आसा.”

“आसात.”

“आसात म्हणजे? तू गाडयेत खाडयेचा पाणी घातलंस?”

“घातलंय.”

“कित्याक?”

तो रेडिएटरचे झाकण हातात घेऊन पुसत होता. “इंजिन तापला होता. लागीच ताच पाणी होता.”

“लागी? अरे, तरयेर धा पावलार विहीर आसा!”

त्याने माझ्याकडे बघितले. बराच वेळ बघितले असे आता वाटते. “व्हय,” तो म्हणाला. “आसा.”

एवढेच. मला त्याचा राग आला. दोन दिवस खांदे मोडून मी घासलेले हेड या माणसाने आळसापायी, दहा पावले चालायचा कंटाळा म्हणून मिठाने खाऊन टाकले होते. बीड आणि ॲल्युमिनियम जोडीने असतात तिथे खारे पाणी घालणे म्हणजे दोघांच्या मधे विष ठेवणे; ॲल्युमिनियम आधी मरते. लष्करात ट्रक चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? मी त्याला वाटेल ते बोललो. कामाची लाज, कारागिराचा अपमान, सगळी पत्रके माझ्या तोंडून बाहेर पडली. तो रेडिएटरचे झाकण पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी आबाशेट आले. पांढरे धोतर वर धरून ते ओट्यावर बसले आणि हेडाकडे बघून म्हणाले, “ह्यो दोष कोणाचो? गाडयेचो की माणसाचो? माका लेखी दी.”

मी लगेच कागद ओढला. बाबल मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, असे फार क्वचित व्हायचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, “झिला, लिवचा आसात तर हेडाचा लिव. माणसाचा लिव नको.”

“दोष माणसाचोच आसा, काका.”

“तुका काय ठावक?”

“मीठ जिभेर ठेवन बघितलंय.”

ते पुन्हा कामाला लागले. मी लिहिले. त्या वेळी वाक्ये भराभर सुचायची: ‘सदर हेड गोड्या पाण्याऐवजी खाडीचे पाणी वापरल्याने निकामी झाले असून यास केवळ ड्रायव्हरचा अक्षम्य हलगर्जीपणा कारण आहे. अशा इसमाच्या हाती प्रवाशांचे प्राण सोपवणे धोक्याचे होय.’ खाली सही. ‘अक्षम्य’ हा शब्द लिहिताना मला बरे वाटले होते. तो मी एका पत्रकातून उचललेला होता.

आबाशेटांनी कागद वाचला, घडी करून कोपरीच्या खिशात घातला. अर्जुन बाहेर गाडीपाशी उभा होता. त्याने न विचारता किल्ली काढून ओट्यावर ठेवली आणि देवगडच्या रस्त्याला लागला. चालत. त्याची वाडी तिथून बारा मैलांवर होती.

जुने हेड वाचण्यासारखे राहिले नव्हते. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून एका लॉरीवाल्याने त्याच मापाचे दुसरे आणून दिले. ते मी बसवले. जीव ओतून बसवले, कारण आता गाडी चांगल्या हातात जाणार होती. नवा ड्रायव्हर म्हणजे आबाशेटांचा भाचा. गिअर बदलताना अशी खरखर करायचा की माझे दात शिवशिवायचे. चाचणीसाठी मी त्याच्याबरोबर तरीपर्यंत गेलो. सोमवार होता, मागे पाच भाविक.

टळटळीत दुपारी आम्ही खाडीच्या काठी पोचलो. माणसे होडीकडे गेली. रेडिएटर उकळत होता. भाचा खाली उतरला, विहिरीकडे गेला, काठावर चढला, रहाटावरचा दोर सोडला, बालदी भरली आणि ओतायला घेऊन आला. दोन मिनिटांचे काम.

तिथे माडाच्या सावलीत एक म्हातारा तांडेल जाळे सांधत बसला होता. तरीची होडी त्याच्या मुलाची. त्याने मला विचारले, “अर्जुन खंय गेलो ओ?”

“तेका काडून टाकलो.”

“कित्याक?”

“गाडयेत खाडयेचा पाणी घालायचो. विहीर हय नाकासमोर, आणि हो शहाणो खाडयेत उतरायचो!”

तांडेलाने जाळ्यातला हात थांबवला. “मगे तेना काय करूचा होता?”

“म्हणजे?”

“तुमी तळेऱ्याचे मा? मगे तुमका ठावक नसतला.” तो सावकाश, लहान मुलाला समजवावे तसे बोलू लागला. “ती विहीर त्या वरच्या घराची, सावकारांची. तेका काठार चढूक देणत नाय. कोण बायलमाणूस इली तर ती वरसून वतता, तो खाली डबो धरता. सकाळी-सांजचे असतत बायलो. ह्या वक्ताक कोण असता? पैलो तो वाट बघी. उन्हात डबो घेवन उभो. ‘वता गो कोणतरी’ करून साद घाली. हयसून तुमचे लोक देवदर्शन करून येत आणि बोंब मारीत: गाडी कित्याक सुटना नाय? एकदा तेना हिय्या केल्यान आणि दोराक हात लावल्यान. वरच्या घरातले धावत इले. त्याच्यापुढे तो विहिरीकडे गेलो नाय. लेंगो गुडघ्यापर्यंत दुमडी आणि हय खाडयेत उतरी.”

“पण तो डबो भरून तळेऱ्यासून आणूक शकतो होतो!”

“आणी होतो. मोठो डबो होतो, मागच्या बाजूक. शेटान काडून टाकल्यान. डब्याच्या जाग्यार एक माणूस बसता.”

मागे भाच्याने रेडिएटरचे झाकण लावल्याचा आवाज आला. मी खाडीकडे बघितले. भरती होती. पाणी स्वच्छ, निळे, काठापर्यंत आलेले. मिठाचा दोष पाण्यात नसतो, तो इंजिनात गेल्यावर दिसतो, आणि तो दिसण्यासाठी मला तीनदा हेड उघडावे लागले होते. तरी मला अर्धेच दिसले होते.

त्याच आठवड्यात मी अर्जुनाच्या घरी गेलो. वाडी गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. तो अंगणात जळणाची लाकडे फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड टेकवली आणि पहिले विचारले, “हेड बसला बरा?”

“बसला.”

“कोल्हापूरचा?”

“व्हय.”

“मधल्या नटाक बघ हां. भाचो गाडी तापयतलो.”

जे पाठ करून आलो होतो ते सगळे बाजूला राहिले. मी म्हणालो, “दादा, तू माका सांगलंस कित्याक नाय?”

“काय सांगूचा?”

“विहिरीचा.”

तो हसला. वाईट नाही, थकल्यासारखा. “मिस्त्री, तुमच्या गॅरेजीमागे विहीर आसा. चार वर्षां येतंय मी थंय. मिया कदी दोराक हात लावलेलो बघितलंस?”

मी आठवू लागलो. पहिल्या हेडाच्या वेळी मी पाणी शेंदले, त्याने चाडे धरले. दुसऱ्या वेळी तसेच. दरवेळी तसेच. तहान लागली तर मी तांब्या वरून धरायचो, तो ओंजळ करायचा. इतर ड्रायव्हर, तो नाचणीवाला लॉरीवालासुद्धा, सरळ विहिरीवर जाऊन अंघोळ करायचे. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर झाले होते. आणि मी मात्र त्याला पाणी ओतून देतो म्हणून स्वतःवर खूश होतो.

“तुका दिसला नाय,” अर्जुन म्हणाला, “मगे सांगून काय दिसतला? मी सांगतंय, आणि तू रागान शेटाक जावन सांगतलंस, शेट वरच्या घराक सांगतलो. मगे हेड ऱ्हवता आणि वाडी जळता. त्यापेक्षा आळशी म्हटलेला परवडला.”

त्याची बायको आत होती. पाणी आणावे की नाही अशा विचारात ती दारात थांबली. मी मागून घेतले आणि प्यायलो. त्या पिण्याचे मला काही मोठेपण वाटले नाही, वाटू नये इतकी अक्कल तेव्हा आली होती. अर्जुन ते बघत होता. म्हणाला, “तुज्या हातचा पाणी माका कदी कमी पडूक नाय, मिस्त्री. दोर कमी पडलो.”

मी तिथून थेट आबाशेटांच्या वखारीत गेलो. आंब्याच्या पेट्या भरल्या जात होत्या, गवताचा वास सगळीकडे. मी दुसरा कागद लिहून नेला होता: आधीचे मत चुकीचे, दोष ड्रायव्हरचा नाही, त्यास परत घ्यावे. आबाशेटांनी तो वाचला. जुना कागद बाहेर काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

“ह्या पण तूच लिवलंस, त्या पण तूच लिवलंस.”

“पैला चुकीचा होता. तुमका तरीवरच्या विहिरीचा ठावक आसा काय?”

“माका ठावक नाय?” ते शांतपणे म्हणाले. “मी ह्याच गावातलो. पण विहीर माझी नाय. आणि कागद बदललो म्हणान विहीर बदलता काय? भाचो आता विहिरीतला पाणी घालता. माझा हेड ऱ्हवला. तुका आणखी काय होया?”

मी कायद्याचे नाव काढले. कायदा झालेला होता. विहिरीवर कोणाला अडवणे गुन्हा होता, छापील होते, मी वाचले होते. आबाशेट म्हणाले, “मगे जा पोलिसात. साक्षीक कोण उभो ऱ्हवतलो? तांडेल? तेच्या झिलाची होडी वरच्या घरानच कर्जान दिलेली.”

मी पोलिसात गेलो. साधा अर्ज घेतला गेला. पुढे काहीच झाले नाही. आपण काही बोललोच नाही, असे तांडेलाने सांगितले. त्याला मी दोष देत नाही. अर्जुनानेही साक्ष द्यायला नकार दिला, आणि मी पुन्हा एकदा त्याच्यावर रागावलो होतो हे लिहायला मला लाज वाटते. त्याला त्या वाडीत राहायचे होते. मला तळेऱ्यात.

बाबल मिस्त्रींना मी त्या संध्याकाळी विचारले, “तुमका ठावक होता?”

“होता.”

“मगे माका सांगलात कित्याक नाय?”

“तू रोज वाचून दाखवतंस. माका वाटला, जो इतक्या वाचता तेका ह्यां ठावक असतला.” मग विहिरीकडे बघून म्हणाले, “आणि खरा सांगू? माझ्या विहिरीचा इचारलं असतंस तर माका उत्तर देवक येवचा नाय होता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विहिरीवरचा जुना दोर काढून नवा लावला. मी अर्जुनाला निरोप पाठवला की आता ये आणि पाणी स्वतः काढ. तो आला नाही. यायला त्याच्याकडे गाडी कुठे होती?

पुढे तो रस्त्याच्या कामावर गेला. खडी फोडायला. लढाईत हजारो मैल ट्रक चालवलेला माणूस देवगडच्या रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून दगडावर घण घालत होता, आणि आबाशेटांची गाडी भाचा त्याच्याच पुढून न्यायचा. एकदा मी त्या गाडीत होतो. अर्जुनाने मान वर केली, हातातला घण तसाच धरून इंजिन ऐकले, आणि माझ्याकडे बघून दोन बोटे वर केली. मी भाच्याला गाडी थांबवायला लावली. दुसरे सिलिंडर मारत नव्हते. प्लग ओला होता. उतरून मागे बघितले तर तो पुन्हा खडी फोडू लागला होता. मी हाक मारली. घणाच्या आवाजात त्याला ऐकू गेली नसेल.

दोन वर्षांनी खडीची धूळ त्याच्या छातीत बसली. तो गेला ते मला आठ दिवसांनी कळले. माझ्या हातचा तो पहिला कागद आबाशेटांनी जपून ठेवला असेल. दुसरा फेकून दिला असेल. म्हणून तिसरा हा, इथे छापून देतो आहे: अर्जुनाचा हलगर्जीपणा नव्हता. हेड मिठाने खाल्ले, आणि मीठ विहिरीच्या काठावरून आले. त्या काठावर मीही उभा होतो, हातात तांब्या घेऊन.

वाचकहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. हळहळ नको, मला पत्रही लिहू नका. तुमच्या गावात गाडी थांबते त्या जागेच्या सर्वांत जवळची विहीर कुठली, ती आज बघून या. दुपारी जा, बायका नसतात तेव्हा. तिथे कोणाला काठावर चढू देत नाहीत, ते विचारा. सांगायला लोक लाजतील, पण सांगतील. मग त्या माणसाला पाणी ओतून देऊ नका. त्याला सांगा की चढ आणि तुझ्या हाताने काढ, आणि तो काढीत असताना तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहा. वरच्या घरातून कोणी धावत आले तर हलू नका. त्याची बालदी भरेपर्यंत.